दगडाची वरची बाजू

अप्पांना साधी गोष्ट साधेपणाने सांगता आली असती, तर त्यांचं आणि त्यांच्या सुनेचं आयुष्य बरंच सोपं झालं असतं. पण सदतीस वर्षं भूशास्त्र शिकवलेला माणूस तो. ‘चहा गार झालाय’ एवढं सांगायलाही त्यांना आधी पुरावा लागायचा आणि मग संभाव्य आक्षेपांना उत्तरं. विद्यार्थी त्यांना वादळसाहेब म्हणत, कारण शिंपल्यांचा कुठलाही जुना थर दाखवला की त्यांना त्यात वादळ दिसायचं. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. राग येण्याऐवजी त्यांना ते आवडलंच होतं.

सून त्याच शहरातल्या संग्रहालयात दगड कापायची. हे ऐकल्यावर लोक हमखास विचारत, दगड कापते म्हणजे नेमकं काय करते? आता दगड कापते म्हणजे दगडच कापते, आणखी काय करणार! हिऱ्याची धार असलेली गोल करवत, तिच्यावर सतत पाण्याची धार, पायात रबरी बूट, आणि घरी येताना केसांत पांढरी भुकटी. कॉलेजात ती हे शिकली नव्हती. संग्रहालयातल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राबून शिकली होती, आणि आता कुठल्या दगडाला कुठून करवत लावली तर तो तोंड उघडेल, हे तिला जेवढं कळायचं तेवढं पदव्या घेतलेल्या पाचजणांना मिळून कळत नसे.

चौदा वर्षांपूर्वी संग्रहालयाची लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करायला अप्पांचा मुलगा आला. लिफ्ट दोन तासांत सुरू झाली. हा मात्र पुढे तीन आठवडे ‘जरा तपासून जातो’ म्हणत येत राहिला. लग्न ठरलं तेव्हा अप्पा म्हणाले होते की घरात दगड समजणारं कुणीतरी आलं हे बरं झालं, मुलाला काय, वर आणि खाली एवढंच कळतं, तेही बटण दाबल्यावर.

गंमत अशी, की खुद्द अप्पांचं घोडं नेमकं तिथेच अडलेलं होतं. वर कुठलं आणि खाली कुठलं, इथे.

एकतीस वर्षांपूर्वी अप्पांनी एका दगडखाणीतून एक तुकडा आणून संग्रहालयात ठेवला होता. हातभर लांब, वीतभर जाड, करडा, आणि आत शिंपलेच शिंपले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अप्पा तो थर कसा वाचायचा ते समजावत, पाहुण्याला ऐकायचं असो वा नसो. वादळ आलं की उथळ समुद्राचा तळ ढवळून निघतो. शिंपले, वाळू, गाळ, सगळं उचललं जातं. मग वादळ ओसरतं. जड ते आधी खाली बसतं, हलकं मागून. शिवाय वाहत्या पाण्यात शिंपला पालथा पडतो, ओट्यावर वाटी पालथी घालावी तसा, कारण एकदा पालथा पडला की पाण्याला तो सहज उलटवता येत नाही. त्या दगडात खाली जाड, पालथे शिंपले दाटीवाटीने बसलेले होते. त्यावर लहान शिंपले. सगळ्यांत वर बारीक वाळू. म्हणजे सकाळी वादळ आलं असेल आणि संध्याकाळपर्यंत हा थर तयार झाला असेल, असं अप्पांनी लिहिलं. ‘एका दिवसाचा थर’ हा त्यांचा लेख गाजला, दगडाचं चित्र पाठ्यपुस्तकात गेलं, आणि अप्पांचं नाव झालं.

मग एका परिषदेत, भरल्या सभागृहात, दुसऱ्या विद्यापीठाचे एक दाढीवाले प्राध्यापक उठले आणि शांतपणे म्हणाले की साहेबांचं सगळं पटलं, फक्त साहेबांनी दगड उलटा धरलाय. तो फिरवला तर जड शिंपले वर येतात आणि वाळू खाली जाते. मग कसलं वादळ? मग तो वर्षानुवर्षं निवांत साचलेला कचरा. सभागृह खो खो हसलं. अप्पांनी दगडाच्या बाजूवरचा लाल रंगाचा बाण दाखवला आणि खाली बसले.

या बाणाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही. खाणीच्या भिंतीतून तुकडा सोडवण्याआधी त्यावर वरच्या दिशेने बाण काढायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. आधी बाण, मग छिन्नी. एकदा दगड भिंतीतून सुटला की त्याला वर-खाली राहत नाही, तो नुसता दगड होतो. अप्पा या बाबतीत इतके कडक, की बाणाशिवाय आणलेला नमुना ते विद्यार्थ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकत. तेव्हा त्यांचा बाण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्यांची माणसं म्हणत. पण टोमणाही टिकला. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, पाण्याने भरली, आणि जाऊन बघायची सोय उरली नाही. दाढीवाले वारले. टोमणा मात्र चांगला धडधाकट राहिला.

यंदा संग्रहालयाचं नवं दालन तयार झालं आणि तो दगड भिंतीत बसवायचं ठरलं. ‘एका दिवसाचा थर’ असा फलकसुद्धा छापून आला. उद्घाटनाला दहा दिवस उरले असताना समितीतल्या कुणीतरी जुना टोमणा उकरून काढला. संचालकबाई हुशार आणि घाईच्या होत्या. त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं की वरची बाजू कुठली हे मला दगडातून पक्कं करून द्या, बाणावरून नको. नाही जमलं तर त्या जागी दुसरं काही लावते. सरांचा दगड उलटा बसला तर शाळेतली मुलंसुद्धा हसतील, आणि ते मला सरांसाठी बघवणार नाही.

सुनेला उत्तर कसं काढायचं ते माहीत होतं. दगड कापायचा. पालथ्या शिंपल्याच्या पोटाखाली थोडी पोकळी राहते. तिच्यात गाळ झिरपतो आणि तळाशी बसतो. वर छताशी जागा रिकामी उरते आणि ती पुढे पांढऱ्या स्फटिकाने भरते. खाली गाळ, वर स्फटिक. अर्धी भरलेली बाटली कशीही धरा, पाणी खालीच जाणार, तसंच हे, फक्त इथे पाण्याचा दगड झालेला. कापल्यावर दहा मिनिटांत निकाल.

मग एकतीस वर्षं कुणी कापला का नाही? कारण अप्पा कापू देत नव्हते. सुनेने मागे दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मुठीत काय आहे हे निदान मूठवाल्याला तरी ठाऊक असतं, असा तिचा समज होता. जीव आहे त्यांचा त्या दगडावर, असं ती लोकांना सांगायची.

त्या संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला. अप्पांनी चमचा खाली ठेवला. त्या दगडाला हात लावायचा नाही, म्हणाले, आणि अर्धं ताट टाकून उठले. पुढचे दोन दिवस घरात अबोला. मुलाने मध्यस्थी करून पाहिली. अप्पा, म्हणाला, लिफ्ट मधेच अडकली की बाहेरून हाका मारून भागत नाही, दार उघडून बघावंच लागतं. मी लिफ्टबद्दल विचारलं नव्हतं, असं अप्पा म्हणाले आणि खोलीत गेले.

तिसरा दिवस सुट्टीचा होता. दुपारी सून स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. अप्पा आले, समोर बसले आणि शेंगा पुढ्यात ओढल्या. तीन-चार वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. पण शेंग बोटांनी बरोबर फुटत होती आणि एक दाणा खाली पडत नव्हता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तो बाण मी भिंतीवर काढलेला नाही.”

तिचे हात थांबले.

मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी ते खाणीवर उशिरा पोचले. कामगारांनी पहारीने तो भाग आधीच पाडला होता आणि सगळ्यांत देखणा तुकडा भिंतीच्या पायथ्याशी पडला होता. मुकादम म्हणाला, तिथून निघाला, साहेब. अप्पांनी भिंतीतली खाच पाहिली, तुकडा पाहिला, मनातल्या मनात तो खाचेत बसवला, आणि रंगाची डबी काढून बाण ओढला. परत आल्यावर संग्रहालयाच्या नोंदवहीत लिहिलं, ‘बाण काढून नमुना सोडवला.’ एका ओळीत दोन कामं, आणि त्यांचा क्रम उलटा.

“घाईत लिहिलं,” अप्पा म्हणाले. “मग लेख झाला. मग पुस्तकात आलं. मग तो दाढीवाला उभा राहिला. त्यानंतर खोडायचं म्हणजे... राहून गेलं.”

“मग तुम्हाला काय वाटतं? बरोबर आहे की उलटा?”

“मला माहीत नाही. एकतीस वर्षं मला माहीत नाही. तुझ्या सासूला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणायची, कापा एकदाचा. मी म्हणायचो, उद्या.”

सुनेला राग आला. चांगलाच आला. ज्या माणसाने बाणासाठी पोरांचे नमुने कचऱ्यात फेकले, त्याने स्वतः हे करावं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आणि त्या रागाच्या तळाशी, तिला नको असताना, दया आली. एखादी गोष्ट माहीत नसणं आणि ती माहीत आहे असं रोज दाखवणं, हे ओझं घेऊन हा माणूस इतकी वर्षं पाहुण्यांना वाटी पालथी घालून दाखवत होता.

सोमवारी कापते, ती म्हणाली, तुम्हीही चला.

“उलटा निघाला तर?”

“तर उलटा निघाला, अप्पा.”

हे ती जरा तोडूनच बोलली, आणि नंतर संध्याकाळभर तिला त्याचं वाईट वाटत राहिलं.

करवतीची खोली तळघरात होती. फरशी कायम ओली, भिंतीवर राखाडी शिंतोडे, कोपऱ्यात गाळाची टाकी, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. अप्पांना तिने स्टुलावर बसवलं, कानांवर आवाज रोखणारी जाड झाकणं चढवली आणि दगड पट्ट्यांत आवळला. एरवी ती एकदा मापायची आणि कापायची. आज तीनदा मापलं. दगड एकच होता. काप चुकीच्या जागी गेला असता तर दुसरा दगड आणायला खाण नव्हती.

करवतीला अडीच तास लागले. हिऱ्याची धार पुढे सरकते ती मुंगीच्या पावलाने, आणि घाई केली तर दगड तडकतो. अप्पा सगळा वेळ हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे.

शेवटी दोन फाळ्या सुटल्या. सुनेने कापलेली बाजू धुतली, भुकटीने घासून गुळगुळीत केली, पातळ ॲसिडमधून काढली, पुन्हा धुतली. मग बाण वर येईल असा दगड उभा केला आणि भिंग डोळ्याला लावलं.

पहिला पालथा शिंपला. पोटाखाली करडा गाळ, त्याच्यावर छताला लागून पांढरा स्फटिक. दुसरा तसाच. तिसरा तसाच. तिने उगाच घाई न करता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं. मग अप्पांच्या कानांवरची झाकणं काढली.

“बाण बरोबर आहे, अप्पा.”

“किती बघितलेस?”

“चौदा.”

“चौदाच्या चौदा?”

“चौदाच्या चौदा.”

अप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसू लागले. चष्म्याचा त्यांना आता फारसा उपयोग नव्हता, तरी पुसत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते लपवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. सुनेचाही जीव भांड्यात पडला. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चौदा वर्षांत ती असं कधी वागली नव्हती.

इथे ही गोष्ट संपवली असती तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण सुनेला सवय वाईट. एकदा भिंग हातात घेतलं की ती कापलेली बाजू पूर्ण वाचल्याशिवाय ठेवत नसे. त्या दगडात पालथे शिंपले होते तसे काही मिटलेलेही होते, दोन्ही झडपा घट्ट बंद. त्यांच्याही पोटात थोडा गाळ, थोडा स्फटिक. तिने सहज पहिल्याकडे पाहिलं. त्यात गाळ डावीकडे होता आणि स्फटिक उजवीकडे. दुसऱ्यात गाळ वर, स्फटिक खाली. तिसऱ्यात तिरपा. असे नऊ होते आणि त्यांतले दोनच बाणाशी जुळत होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आधी वाटलं, आपण मोजण्यात चुकलो. पुन्हा मोजलं. चौदा ते चौदाच होते आणि एकमुखाने बोलत होते. मग हे नऊ कुणाची साक्ष देत होते?

ती ओल्या बाकावर बसली आणि हळूहळू तिला उलगडलं. पालथ्या शिंपल्यांखालची पोकळी भरली ती थर बसल्यानंतर, म्हणून ते सगळे एकच दिशा सांगतात. मिटलेले शिंपले मात्र त्याआधीच भरले होते. कुठेतरी निवांत पडून त्यांच्या पोटात गाळ बसला, गाळ घट्ट झाला, स्फटिक वाढला, आणि मग कुठल्यातरी वादळाने त्यांना उकरून गडगडत इथे आणून टाकलं. जो जसा लोळला तसा राहिला. हे एका दिवसात होत नाही. हजार दिवसांतही होत नाही. मग तिला आणखी एक दिसलं. दोन मोठ्या पालथ्या शिंपल्यांच्या आतल्या बाजूला कालवं चिकटलेली होती. आतून, म्हणजे शिंपल्याचा मूळ मालक मेल्यावर, कवच उताणं उघडं पडलेलं असताना. आणि कालव एवढं वाढायला काही वर्षं लागतात.

म्हणजे दगड सुलटा होता, वादळही खरं होतं, पण तो थर एका दिवसाचा नव्हता.

सुनेने नळ सोडला आणि धुण्यासारखं काही नसताना फाळी धूत राहिली. संचालकबाईंनी विचारलं होतं ते एवढंच, की वरची बाजू कुठली. त्याचं उत्तर मिळालं होतं. फलक छापून तयार होता. अप्पांना समोरचं दिसत नव्हतं, आणि कितीतरी वर्षांनी ते आता सुखाने भिंतीला टेकून बसले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नऊ मिटलेले शिंपले आणखी दहा वर्षं मिटलेले राहिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

पण मग तिला अप्पांची नोंदवहीतली ती एक ओळ आठवली. तीसुद्धा अशीच, कुणाचं काही न बिघडवणारी होती. तशी ओळ माणसाचं काय करते हे ती त्या दिवशी मटार सोलताना बघून बसली होती. तिने नळ बंद केला.

“अप्पा, अजून एक आहे.”

“काय?”

“सांगत नाही. बोट द्या इकडे.”

ॲसिडने स्फटिक किंचित खोल आणि गुळगुळीत होतो, गाळ खरखरीत वर उरतो. डोळे नसले तरी बोटाला फरक कळतो. तिने त्यांची तर्जनी पहिल्या मिटलेल्या शिंपल्यावर ठेवली. अप्पा चाचपू लागले. एकावरून दुसऱ्यावर, परत मागे, परत पुढे. ओठ हलत होते. पाचव्यावर बोट थांबलं.

“हा आधी भरला,” अप्पा म्हणाले. “आणि मग लोळला.”

तिने त्यांचं बोट उचलून कालवावर ठेवलं.

“हे आतून आहे.”

“हो.”

“म्हणजे मधे वर्षं गेली.”

“हो, अप्पा.”

“म्हणजे एक दिवस नाही.”

“नाही.”

पंपातून पाणी ठिबकत होतं. सुनेला वाटलं आपण आज यांना बाण दिला आणि त्याच हाताने बाकी सगळं काढून घेतलं. तिला त्यांची माफी मागावीशी वाटली, पण कशाची ते सुचेना.

“एकतीस वर्षं,” अप्पा शेवटी म्हणाले, “मी यांना एका दिवसात मारत आलोय.” त्यांचं बोट अजून कालवावरच होतं. “वादळ आलं, सगळं संपलं, एवढंच लिहिलं. आणि ही बघ. खाली नुसता चिखल असणार. चिखलात कालव बसत नाही, त्याला टेकायला कठीण काहीतरी लागतं. ते कुणी आणून दिलं? आधीच्या वादळाने. त्याने टाकलेल्या ढिगावर यांनी बिऱ्हाड केलं. मग पुन्हा वादळ. पुन्हा ढीग. पुन्हा कुणीतरी येऊन टेकलं असणार. दुसरी फाळी दे. ती दे ना इकडे!”

आवाज चढला होता, वर्गातल्यासारखा. सासूबाई गेल्यापासून हा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सुनेने दुसरी फाळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पुढचा तासभर अप्पा शिंपले चाचपत, तिला प्रश्न विचारत आणि तिने उत्तर दिलं की हरकत घेत बसले. दोनदा तिचं म्हणणं त्यांना मान्य करावं लागलं. तिसऱ्यांदा मान्य करताना तर ते चक्क खूश झाले.

दुपारी ती दोघं संचालकबाईंच्या खोलीत गेली. बाण बरोबर निघाला हे ऐकून बाई उठून उभ्याच राहिल्या. पुढचं ऐकून बसल्या. छापलेला फलक त्यांच्या टेबलामागेच टेकवलेला होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघून सुस्कारा सोडला आणि विचारलं की आता फलकावर काय लिहायचं, वादळं किती?

माहीत नाही, असं अप्पा म्हणाले. दोन नक्की, पुढची मोजावी लागतील, त्याच खाणीतले आठ लहान तुकडे तळघरात पडलेत, ते कापू. आणि मला तिथे एक खुर्ची द्या, त्या स्टुलाने पाठ मोडते. ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांनी इतक्या आनंदाने उच्चारले, की संचालकबाईंनी सुनेकडे बघून भुवया उंचावल्या.

मग अप्पांनी नमुन्यांची मोठी नोंदवही मागितली आणि ती येईपर्यंत बाईंना खाणीतल्या त्या सकाळची हकीकत सांगितली. काहीच लपवलं नाही. बाई ऐकून अवघडल्या.

“सर, आता ते कशाला लिहायचं? बाण बरोबरच आहे की.”

“बरोबर आहे हे आज कळलं,” अप्पा म्हणाले. “मी काढला तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी लिहिलं. बरोबर निघाला ही दगडाची कृपा. माझ्या खात्यात नको.”

सुनेने त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. अप्पांनी डाव्या हाताचं बोट तसंच ठेवून उजव्याने, वाकड्यातिकड्या, एकमेकांवर चढणाऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘हा बाण नमुना भिंतीतून सुटल्यानंतर काढला.’ खाली सही केली. तारीख घातली. मग पाठ टेकून बसले आणि दम लागल्यासारखा श्वास घेतला.

‘अर्थ’ या रकान्यात त्यांचीच जुनी ओळ होती: एक वादळ, एक दिवस. सून ती खोडायला गेली तर त्यांनी खोडू दिली नाही. राहू दे, म्हणाले, लोकांना कळू दे आम्ही काय समजत होतो ते, तू खाली लिही.

“काय लिहू?”

“तू वाचलंस ते. मी नुसतं बोट फिरवलं, वाचलंस तू. आणि सही तुझी कर.”

दगड कापणाऱ्या बाईची सही त्या वहीत आजवर फक्त ‘कापला’ या रकान्यात असायची. ‘अर्थ’ खाली सही करताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. चौदा, नऊ आणि दोन कालवं, एवढं सगळं तिने चार ओळींत बसवलं आणि पेन टेकवून विचारलं की खाली दुसरा नमुना घेऊ का, की जागा सोडू?

“सोड,” अप्पा म्हणाले. “अख्खं पान सोड. आपलंही कुणाला तरी दुरुस्त करावं लागेल. त्याला लिहायला जागा हवी.”

तिने अख्खं पान कोरं सोडलं, आणि मग थोडा विचार करून त्याच्या पुढचंही.